कपालभाती आणि भस्त्रिका: फरक श्वास घेण्यात आहे

दापोली-गुहागरकडे देवळाच्या सभामंडपात पहाटे भरणाऱ्या योगवर्गांत नवखी मंडळी कपालभाती आणि भस्त्रिका यांची हमखास गल्लत करतात. त्याचे खापर त्यांच्यावर फोडता येत नाही, कारण हठप्रदीपिका या हठयोगावरील जुन्या ग्रंथाच्या दुसऱ्या उपदेशातही, म्हणजे प्रकरणातही, दोन्हींना लोहाराच्या भात्याचीच उपमा दिलेली आहे. मात्र त्याच ग्रंथात कपालभाती ही धौती, बस्ती, नेती, त्राटक आणि नौली यांच्याबरोबर षट्कर्मांत, म्हणजे शुद्धिक्रियांत मोडते, तर भस्त्रिका आठ कुंभकांपैकी, म्हणजे श्वास रोखून धरण्याच्या प्रकारांपैकी, एक असल्यामुळे प्राणायामात गणली जाते.

शिकवताना हे वर्गीकरण फारसे कामी येत नाही. श्वास घेण्याची रीत पाहावी लागते. एरवी आपण श्वास घेताना श्वासपटलाला काम करावे लागते आणि उच्छ्वास आपोआप होतो. कपालभातीत नेमके उलट घडते: ओटीपोटाचे स्नायू झटक्याने आत जाऊन हवा नाकावाटे बाहेर फेकतात आणि पोट सैल सोडताच पुढचा श्वास न ओढता आत येतो. भस्त्रिकेत श्वास आणि उच्छ्वास दोन्ही जोर लावून करावे लागतात, छातीचा भाताही हलतो, आणि परंपरेप्रमाणे आवर्तनाच्या शेवटी उजव्या नाकपुडीने श्वास भरून कुंभक केला जातो.

नवख्याला कपालभाती शिकवताना तळहात बेंबीखाली ठेवायला सांगावे आणि स्वतः त्याच्या खांद्यांकडे पाहावे. खांदे उचलले जात असतील, तर तो श्वास ओढतो आहे, म्हणजे नकळत भस्त्रिकेकडे वळला आहे. अशा वेळी ‘श्वास घ्या’ ही सूचनाच बंद करून केवळ ‘फेका, सोडा’ एवढे म्हणावे आणि सेकंदाला एक झटका या संथ गतीने वीस-पंचवीस झटक्यांवर थांबवावे. किती झटके मारले याची जी चढाओढ काही शिबिरांत लागते, ती मला निव्वळ निरुपयोगी वाटते.

भस्त्रिकेत हवेची उलाढाल मोठी असल्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड लवकर उतरतो आणि गरगरणे किंवा बोटांना मुंग्या येणे सुरू होते. पुष्कळजण यालाच साधनेची प्रगती समजतात. म्हणून कपालभाती पक्की झाल्याखेरीज भस्त्रिका सुरू करू नये, आणि सुरुवातीला त्यातील कुंभक वगळावा. वैशाखात किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि अंग निवत नाही, त्यामुळे ही क्रिया उन्हे वर येण्यापूर्वीच उरकावी.

दोन्हींसाठी पोट रिकामे हवे. दुपारी माशाचे कालवण आणि भात भरपेट जेवलेल्याला संध्याकाळच्या वर्गापूर्वी निदान चार तास मिळायला हवेत. उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, अपस्मार किंवा नुकतीच झालेली पोटाची शस्त्रक्रिया असल्यास, तसेच गरोदरपणात, दोन्ही क्रिया टाळाव्यात आणि अशांना संथ, दीर्घ श्वसनच शिकवावे.