घरी घडवलेल्या पात्याला पाणी देताना : लहान भट्टी वापरणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडून पोलादाची पट्टी किंवा लहान गॅसभट्टी नेणारे ग्राहक पाती मोठ्या हौसेने घडवतात. आकार देखणा, मूठ सुबक. पण काही दिवसांनी तीच सुरी परत येते. कुणाची धार टिकत नाही, कुणाचे टोक तुटलेले असते. अशा पात्यांचा तुटलेला भाग पाहिला की बहुतेक वेळा दोनच कारणे सापडतात : पोलाद ओळखीचे नव्हते, किंवा पाणी देताना, म्हणजे पाते कडक करण्यासाठी तापवून झपाट्याने थंड करताना, ते गरजेपेक्षा जास्त तापले होते. दोन्ही टाळता येतात. त्यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत, पण घाई मात्र चालत नाही.

आधी पोलाद

वेल्डिंगच्या दुकानात मिळणाऱ्या एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे मऊ पोलाद) पट्टीत कार्बन जेमतेम ०.२ टक्के असतो. ती कितीही तापवा, कशातही बुडवा, सुरीला लागणारा कडकपणा तिला येणार नाही. पहिल्या पात्यासाठी आम्ही ०.७५ ते ०.८५ टक्के कार्बनचे साधे पोलाद देतो. ते १०७५ किंवा १०८४ या क्रमांकाने मिळते आणि तापमानात थोडे इकडेतिकडे झाले तरी सांभाळून घेते.

ट्रकच्या कमानीचा पाटा आपल्याकडे कोयते आणि खुरपी घडवायला सर्रास वापरतात. ते पोलाद चिवट असते, त्यामुळे शेतीच्या अवजारांना उत्तमच. पण भंगारातल्या पाट्याने वर्षानुवर्षे ओझे सोसलेले असते. त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगा असू शकतात आणि त्या नेमक्या पाणी देतानाच उघडतात. नवीन पट्टी हवी असेल तर ईएन-४५ हे कमानीचे पोलाद घ्या. त्यात सिलिकॉन असल्याने साध्या कार्बन पोलादापेक्षा थोडी जास्त, ८५० अंश सेल्सिअसच्या आसपासची उष्णता लागते.

डी-२ हे पोलाद मात्र लहान भट्टीसाठी घेऊ नका. त्याला १००० अंशांच्या वर नेऊन बराच वेळ एकाच तापमानावर धरावे लागते. नुसत्या डोळ्यांच्या अंदाजाने ते जमत नाही. ईएन-३१ चांगले पोलाद आहे, पण त्यालाही तापमान स्थिर ठेवणारी भट्टी हवी.

किती तापवायचे

७२७ अंशांच्या वर पोलादातल्या लोखंडाची स्फटिकरचना बदलू लागते आणि कार्बन त्यात विरघळतो. मग पाते झपाट्याने थंड केले की कार्बनला बाहेर पडायला सवड मिळत नाही. तो आतच अडकतो आणि मार्टेन्साइट ही अतिशय कठीण रचना तयार होते. पाणी देणे म्हणजे एवढेच. १०८४ साठी योग्य तापमान ८०० ते ८१५ अंश. त्याखाली कार्बन पुरता विरघळत नाही. बरेच वर गेलात तर पोलादाचे कण वाढतात आणि पाते ठिसूळ होते.

हे तापमान ओळखायला चुंबक वापरा. साध्या उच्च कार्बन पोलादाला चुंबक साधारण ७३० ते ७७० अंशांच्या दरम्यान चिकटेनासा होतो. तिथेच थांबू नका. पाते पुन्हा भट्टीत ठेवून रंग आणखी एक छटा उजळ होऊ द्या, दोन-तीन मिनिटे तसेच धरा आणि मग बाहेर काढा. रंग पाहायचा तर सावलीत पाहा. दुपारच्या उन्हात अंगणात बसून भट्टी चालवणाऱ्याला लाल रंग फिका दिसतो, म्हणून तो पाते तापवतच राहतो. आमच्याकडे येणाऱ्या ठिसूळ पात्यांमागे बहुधा हेच ऊन असते. अर्धवट अंधाऱ्या, पण हवा खेळत्या जागेत बसलात तर आणखी एक गोष्ट दिसेल : तापत असताना पात्यावर काळसर सावल्या सरकतात. रचना बदलताना पोलाद उष्णता शोषून घेते, त्याची ही खूण. सावल्या पूर्ण निघून गेल्या आणि रंग सगळीकडे एकसारखा झाला की तुम्ही योग्य जागी पोहोचलात.

पात्याला हात लावण्यापूर्वी त्याच पट्टीचा बोटभर तुकडा असाच तापवून तेलात बुडवा. मग डोळ्यांवर चष्मा लावून, कापडात गुंडाळून तो शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरून मोडा. आतून राखाडी, मखमली दिसला तर तापमान बरोबर. साखरेसारखे चमकणारे कण दिसले तर जास्त तापला. या एका तुकड्याने पुढची कितीतरी मेहनत वाचते.

बुडवण्यापूर्वी आणि बुडवताना

भोके आधी पाडून घ्या. धारेची कड एक ते दीड मिलिमीटर जाड ठेवा. पातळ कड वाकते किंवा तडकते. आडवे खोल ओरखडे घासून काढा, कारण भेग तिथूनच सुरू होते. घडवताना पडलेला ताण घालवण्यासाठी पाते तीनदा तापवून हवेत काळे पडेपर्यंत थंड होऊ द्या, दर वेळी आधीपेक्षा थोडे कमी तापवून. ही पायरी गाळू नका.

बुडवायला शेंगदाणा किंवा सोयाबीनचे तेल वापरा आणि ते ५० ते ६० अंशांपर्यंत गरम करा. कोमट तेल पातळ होते आणि पात्याची उष्णता लवकर ओढून घेते. लोहार काही अवजारांना साध्या पाण्यात बुडवतात, पण तो हात बसायला वर्षे जातात. पातळ सुरी पाण्यात हमखास तडकते. गाडीचे जुने इंजिन ऑइल नको. त्याचा धूर विषारी असतो.

पाते भट्टीतून काढल्यावर एक-दोन सेकंदांत तेलात गेले पाहिजे. सरळ खाली, पूर्ण बुडेपर्यंत. तेलात ते धार आणि पाठ यांच्या दिशेने हलवा, बाजूंकडे नको, नाहीतर पाते वाकेल. हात लावता येईल इतके थंड झाल्यावर कानस फिरवून पाहा. कानस घसरली तर पाणी बसले. चावली तरी लगेच निराश होऊ नका. वरचा पातळ थर तापताना कार्बन गमावतो. तो घासून पुन्हा पाहा.

टेंपर त्याच दिवशी

आता पाते काचेइतके ठिसूळ आहे. टेंपर, म्हणजे पाते पुन्हा बेताने तापवून ठिसूळपणा कमी करणे, उद्यावर टाकू नका. हातातून पडले तर दोन तुकडे होतील आणि नाही पडले तरी आतल्या ताणाने आपोआप भेग जाऊ शकते. तेल पुसून, धुऊन ते ओव्हनमध्ये २०० अंशांवर एक तास ठेवा, थंड करा आणि पुन्हा एक तास ठेवा. मायक्रोवेव्ह नव्हे, ओटीजी. घरगुती ओव्हनचा काटा २०-३० अंशांनी सहज चुकतो, म्हणून आत वेगळा तापमापक ठेवा आणि पाते वाळूच्या ट्रेमध्ये पुरा. घासलेल्या जागी फिकट पिवळा रंग येईल. १०८४ ची सुरी यात ६० रॉकवेल सी (कडकपणाचे माप) च्या आसपास येते. स्वयंपाकघरासाठी तेवढे पुरे. जोर सोसणाऱ्या पात्याला २२० अंश द्या. निळ्या रंगापर्यंत मात्र नेऊ नका. तिथे पोलाद मऊ तर होतेच, पण २६० ते ३७० अंशांच्या पट्ट्यात त्याचा चिवटपणाही घटतो.

जीव आधी

तेल धातूच्या खोल, झाकणाच्या भांड्यातच हवे. प्लास्टिकची बादली कधीही नको. तापलेले पाते अर्धे बाहेर राहिले तर तेल पेट घेते. पेटलेच तर झाकण लावा. पाणी ओतू नका. वाळूची बादली हाताशी ठेवा.

भट्टी बंद खोलीत चालवू नका. तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर स्वयंपाकासाठीच आहे. भट्टीला व्यावसायिक सिलिंडर आणि त्याला साजेसा रेग्युलेटर लावा. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती जमिनीलगत साठते. भट्टीतील सिरॅमिक लोकरीवर उष्णतारोधक लेप कायम ठेवा. तिचे तंतू फुप्फुसात जाणे घातक आहे. जस्त चढवलेला तुकडा भट्टीत घालू नका.

आमच्याकडे पाणी देण्यासाठी

वरचे सगळे घरी करणे शक्य नसेल तर पाते आमच्याकडे द्या. स्वयंपाकघर, शेती आणि सुतारकामाचीच पाती आम्ही घेतो. तलवारी, गुप्त्या घेत नाही. मूठ बसवण्याआधी आणा, भोके पाडून आणा, कड जाड ठेवा. पोलाद कोणते हे सोबत लिहून द्या. ठाऊक नसेल तर त्याच पट्टीचा तुकडा आणा. आधी त्यावर प्रयोग करून मगच पात्याला हात लावू. आधी पाणी दिलेले पाते असेल तर तेही सांगा, कारण भेग गेलेल्या पात्याला दुसऱ्यांदा पाणी देणे आम्ही स्वीकारत नाही.