वारा धरणारे मनोरे

उन्हाळा लागला की मोबाइलवर एक छायाचित्र हमखास फिरू लागते. मातकट घरांच्या धाब्यांवर उभ्या खाचांचे उंच मनोरे दिसतात आणि खाली मजकूर असतो, ‘अरबांचा विजेशिवाय चालणारा एसी’. छायाचित्र बहुधा यझ्द शहराचे असते, आणि यझ्द आहे इराणात, जिथली भाषा फारसी आहे. ही चूक किरकोळ म्हणून सोडता येईल. पण ‘एसी’ या शब्दाने होणारी समजूत सोडून देण्याजोगी नाही, कारण हा मनोरा स्वतः हवा थंड करत नाही. तो हवा हलवतो. थंडावा येतो तो दुसरीकडून, आणि कुठून हे कळल्यावर या बांधकामाविषयीचा माझा आदर तरी वाढलाच.

या मनोऱ्याला फारसीत ‘बादगीर’ म्हणतात. ‘बाद’ म्हणजे वारा आणि ‘गीर’ म्हणजे धरणारा. औरंगजेबाच्या ‘आलमगीर’ या पदवीतला ‘गीर’ तो हाच. यझ्दला वर्षाकाठी जेमतेम ५०-६० मिलिमीटर पाऊस पडतो. तिथल्या दौलताबाद बागेत (आपल्या देवगिरीच्या दौलताबादशी संबंध केवळ नावापुरता) अठराव्या शतकातला एक अष्टकोनी बादगीर आहे, सुमारे ३३ मीटर, म्हणजे आजच्या दहा मजली इमारतीएवढा उंच. बाहेरून तो एकसंध वाटतो. आत मात्र विटांच्या उभ्या पडद्या घालून त्याचे कप्पे पाडलेले असतात, आणि सगळी करामत या पडद्यांची आहे.

वाहता वारा भिंतीला अडला की त्याचा वेग संपतो आणि त्या वेगातली ऊर्जा दाबाच्या रूपाने भिंतीवर येते. हवेच्या घनतेच्या निम्म्याला वेगाच्या वर्गाने गुणले की हा वाढीव दाब मिळतो. यझ्द समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंच असल्याने उन्हाळ्यात तिथल्या एक घनमीटर हवेचे वस्तुमान साधारण एक किलोग्रॅम भरते. वारा सेकंदाला ५ मीटर वेगाने वाहत असेल, तर दाब वाढतो १२.५ पास्कल. तिथला वातावरणाचा दाबच ८८ हजार पास्कलच्या आसपास असतो, म्हणजे ही वाढ त्याच्या सातहजाराव्या हिश्श्याएवढी झाली. एवढ्याशा दाबाने काय होणार, असे वाटेल. परंतु रुंद कप्प्यातून उतरणाऱ्या हवेला अडथळा फारसा नसतो, आणि त्याच वेळी मनोऱ्याच्या आडोशाच्या बाजूला दाब नेहमीपेक्षा कमी झालेला असतो. त्यामुळे वाऱ्याकडच्या कप्प्यांतून हवा खाली ढकलली जाते आणि पाठीमागच्या कप्प्यांतून खोलीतली हवा वर ओढली जाते. पडद्या नसत्या, तर वारा एका तोंडाने शिरून समोरच्या तोंडाने निघून गेला असता. उंचीचे महत्त्वही या वर्गातच आहे : वर वाऱ्याचा वेग दीडपट मिळाला, तर दाब सव्वादोनपट होतो.

वारा पडला तर उन्हाने तापलेल्या मनोऱ्यातली हवा हलकी होऊन धुराड्यासारखी वर चढते. ३० मीटर उंची आणि आतबाहेर ५ अंशांचा फरक धरला, तर हे ओढकाम जेमतेम ५ पास्कलचे भरते. तेवढेही पुरते. हिवाळ्यात पहाटे, गच्चीचे दार उघडे असताना, आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर मी पेटलेली उदबत्ती धरून पाहिली आहे. धूर आधी आडवा झाला आणि मग जिन्याच्या पोकळीकडे वळून सरळ वर गेला.

पण बाहेर ४० अंश असतील, तर आत येणारी हवाही जवळपास तेवढीच तापलेली असणार. रात्री गार झालेल्या जाड भिंती तिची थोडी उष्णता शोषतात. बाकीचे काम पाण्याचे. दौलताबादच्या बादगीराखाली हौद आहे आणि बागेला पाणी येत असे ते कनातीचे, म्हणजे डोंगराच्या पायथ्यापासून आणलेल्या भुयारी कालव्याचे. इथे आपला माठ आठवावा. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २४०० किलोजूल उष्णता लागते. ती हवेतून घेतली, तर १० मीटर लांब, ८ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच दिवाणखान्यातली सगळी हवा १० अंशांनी उतरू शकते.

याला मर्यादा आहे. तापमापकाच्या फुग्याला ओला कापूस गुंडाळून वारा घातला की पारा ज्या आकड्यावर थांबतो, त्याखाली बाष्पीभवनाने हवा जाऊच शकत नाही. ४० अंश आणि १५ टक्के आर्द्रता असताना हा आकडा २०च्या आसपास असतो. ३८ अंश आणि ६० टक्के आर्द्रतेला तो ३१ होतो. नागपुरात कूलर चालतो आणि मुंबईत चालत नाही, त्याचे कारण हेच.

दुबईच्या अल फहीदी भागात इराणच्या बस्तक परिसरातून आलेल्या व्यापाऱ्यांनी असे मनोरे बांधले. तिथे त्यांना ‘बर्जील’ म्हणतात. किनाऱ्यावरच्या दमट हवेत त्यांचा उपयोग घामेजल्या अंगावर झुळूक आणण्यापुरताच होता, आणि तोही थोडाथोडका नव्हे. आज आखातातल्या कित्येक हॉटेलांवर निव्वळ शोभेचे बर्जील उभारतात, आतला गारवा सगळा यंत्राचा असतो, आणि तरीही जाहिरातीत ‘परंपरेचे शहाणपण’ झळकते. ही ग्राहकाची दिशाभूल आहे. ‘पूर्वजांना सगळे ठाऊक होते’ हा दावाही तितकाच पोकळ आहे. त्या गवंड्यांकडे दाबाचे सूत्र नव्हते, चुकत-सुधारत पिढ्यान्‌पिढ्या जमवलेला अनुभव होता.

इजिप्तचे वास्तुविशारद हसन फाथी (१९००-१९८९) यांनी हा अनुभव तपासून वापरला. कैरोच्या जुन्या घरांतला ‘मलकफ’, म्हणजे तिथला वारा धरणारा मनोरा, एकाच तोंडाचा असतो आणि ते उत्तरेकडे असते, कारण तिथला गार वारा उत्तरेचा. लक्झरजवळच्या न्यू गुर्ना गावात, १९४०च्या दशकात, शाळेच्या मलकफात त्यांनी हवेच्या वाटेवर ओला कोळसा ठेवला. कोळसा सच्छिद्र असल्याने थोड्या जागेत ओला पृष्ठभाग भरपूर मिळतो.

अबू धाबीजवळच्या मसदार शहरातला पोलादी बादगीर ४५ मीटर उंच आहे. त्याच्या माथ्यावरच्या झडपा वाऱ्याची दिशा पाहून उघडतात आणि खाली येणाऱ्या हवेत पाण्याचे तुषार सोडले जातात. कोरड्या दुपारी ते चांगले काम करत असणार. पण ऑगस्टच्या दमट दिवशी ओल्या कापसातला पारा तिथेही तिशीच्या आसपासच थांबतो, आणि तुषार कितीही बारीक केले तरी मनोऱ्यातून उतरणारी हवा त्याखाली जात नाही.