युरोपच्या करारामुळे कोंबड्यांचे पिंजरे बंद झाले का?

‘युरोपियन युनियनने मूळ करारातच प्राण्यांना संवेदनशील जीव मानलंय, म्हणून तिथे पिंजऱ्यातलं कोंबडीपालन बेकायदा आहे’, असा दावा वर्षानुवर्षं फिरतो आहे. पहिला भाग खरा आहे, दुसरा नाही.

युनियनच्या मूळ करारांत बदल करणारा लिस्बन करार १ डिसेंबर २००९ रोजी लागू झाला. त्यातून आलेलं कलम १३ सांगतं की प्राणी संवेदनशील जीव असल्याने शेती, मासेमारी, वाहतूक, संशोधन यांची धोरणं आखताना आणि राबवताना प्राण्यांच्या कल्याणाची पूर्ण दखल घ्यावी. त्याच वाक्यात पुढे धार्मिक विधी, सांस्कृतिक परंपरा आणि प्रादेशिक वारसा यांबाबतचे सदस्य देशांचे कायदे व रूढी यांचा मान राखण्याची अटही आहे. फिरणाऱ्या संदेशांत ही अट नेमकी गळते. हे कलम कोणतीही पद्धत थेट बंद करत नाही.

बंदी येते ती स्वतंत्र कायद्यांतून. अंड्यांच्या कोंबड्यांसाठीचा निर्देश (सदस्य देशांनी आपापल्या कायद्यांत उतरवायचा युनियनचा नियम) १९९९ चा, म्हणजे लिस्बनच्याही आधीचा. त्याने २०१२ पासून साधे, रिकामे पिंजरे बंद केले. सुधारित पिंजरे मात्र चालतात: दर कोंबडीला किमान ७५० चौरस सेंटिमीटर, अंडी घालायला आडोसा, बसायला दांडी. कोंबडीसाठी ही जागा अजूनही फार अपुरी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

तरीही कलम १३ निरुपयोगी नाही. कत्तलीपूर्वी प्राण्याला बेशुद्ध करण्याची बेल्जियममधल्या फ्लँडर्सची सक्ती युरोपियन न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये मान्य केली, तेव्हा धर्मस्वातंत्र्यासमोर प्राणिकल्याण तोलताना याच कलमाचा आधार घेतला.