टीव्हीवर सगळेच जाड दिसतायत? कॅसेटवरून केलेल्या व्हिडिओबद्दल ग्राहकांसाठी माहिती

लग्नाची कॅसेट पेन ड्राइव्हवर करून नेली, टीव्हीला लावली, तर नवरा-नवरीपासून भटजींपर्यंत सगळे फुगलेले. ही तक्रार आमच्याकडे नेहमी येते. बहुतेक वेळा कॅसेट ठीक असते, तिच्यातलं चित्रही ठीक असतं. ते किती रुंद दाखवायचं, एवढंच कुठेतरी चुकलेलं असतं.

जुने टीव्ही 4:3 मापाचे होते, म्हणजे रुंदी 4 तर उंची 3. व्हीएचएस आणि हाय-8 च्या घरगुती कॅसेट त्याच मापाच्या. आजचे टीव्ही 16:9. त्यामुळे जुनं चित्र नव्या पडद्यावर जसंच्या तसं दाखवलं, तर डावी-उजवीकडे काळ्या पट्ट्या राहणारच. त्या भरून काढायला टीव्ही चित्र आडवं ताणतो आणि माणसं एक तृतीयांशाने रुंद होतात.

म्हणून आधी रिमोट घ्या. पिक्चर साइजमध्ये ‘वाइड’ असेल तर ‘4:3’ किंवा ‘ओरिजिनल’ करा. ‘झूम’ने माणसं जाड होत नाहीत, पण वर-खालचं मिळून पाव चित्र कापलं जातं. फेट्याचे तुरे जातात आणि खाली आलेली ‘चि.’ आणि ‘चि. सौ. कां.’ ही नावंही जातात. आमचं मत विचाराल तर पट्ट्या राहू द्याव्यात.

रिमोटने फरक पडला नाही, तर गडबड फाइलमध्ये आहे. भारतातल्या, म्हणजे पाल पद्धतीच्या कॅसेटचं चित्र फाइलमध्ये सहसा 720 × 576 ठिपक्यांत साठवतात. हे माप 4:3 पण नाही, 16:9 पण नाही. दाखवताना ते 768 × 576 करायचं की 1024 × 576, याची खूण फाइलमध्ये वेगळी लिहिलेली असते. ती चुकली, किंवा एखाद्या अ‍ॅपने वाचलीच नाही, की चेहरे बिघडतात.

नेमकं काय बिघडलंय ते घरीच कळतं. व्हिडिओत समोरून दिसणारी गोल वस्तू शोधा. भिंतीवरचं घड्याळ सगळ्यात उत्तम. औक्षणाचं तबक तिरकं धरलेलं असतं, ते चालणार नाही. व्हिडिओ थांबवा आणि पडद्यावर पट्टी लावून घड्याळाची रुंदी-उंची मोजा. रुंदी 16 आणि उंची 12 सेंटीमीटर भरली, तर 4:3 चं चित्र 16:9 मध्ये ताणलंय. उलट रुंदी 12 आणि उंची 16 असेल, तर रुंद चित्र 4:3 मध्ये दाबलंय. रुंदी 15 आणि उंची 16, म्हणजे खूण वाचलीच गेली नाही. हा फरक नुसत्या डोळ्यांना पटकन कळत नाही, सगळे जरा बारीक दिसतात इतकंच. (त्याबद्दल तक्रार मात्र कोणी करत नाही.)

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेली कॅसेट एनटीएससी पद्धतीची असते. तिचं चित्र 720 × 480 ठिपक्यांचं, आणि खूण हरवली की घड्याळ 9 ला 8 असं आडवं दिसतं. कॅसेट परदेशातली असेल तर देतानाच सांगा.

मिनीडीव्ही हँडीकॅमच्या कॅसेट जास्त त्रास देतात. अनेक हँडीकॅममध्ये ‘वाइड’चं बटण होतं. मुंजीचं शूटिंग 4:3 मध्ये सुरू झालं आणि मध्येच कोणीतरी ते बटण दाबलं, तर एकाच कॅसेटवर दोन मापं येतात. अशी फाइल आम्ही त्या जागी तोडून दोन भागांत देतो. काही कॅमेरे तर ‘वाइड’ म्हणून 4:3 चित्रावरच वर-खाली काळ्या पट्ट्या छापत. असा व्हिडिओ आजच्या टीव्हीवर चारी बाजूंनी काळी चौकट घेऊन येतो. इथे मात्र कापणं योग्य, कारण कापलं जातं ते फक्त काळं.

खूण चुकली असेल तर कॅसेट पुन्हा चालवावी लागत नाही. चित्राला हात न लावता खूण बदलता येते, दर्जा कमी होत नाही. मोबाइलवरच्या एखाद्या अ‍ॅपने व्हिडिओ ‘फुल स्क्रीन’ करून सेव्ह केला, तर ताणलेलं किंवा कापलेलं चित्र नव्याने छापलं जातं. तसं आधीच केलं असेल, तर आम्ही दिलेली पहिली फाइल जपून ठेवा आणि तीच आणा.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला वेगळी प्रत मागून घ्या. ती आम्ही सरळ 768 × 576 मध्ये करतो, म्हणजे खूण वाचायची वेळच येत नाही. दुरुस्तीला येताना पेन ड्राइव्हसोबत टीव्हीच्या पडद्याचा एक फोटो आणा, शक्यतो घड्याळ दिसेल असा.