रिसायकल दाण्याला मागणी आली, पण नोंदणी आहे का? प्लास्टिक प्रोसेसरसाठी ईपीआर नोंदणीची माहिती

पूर्वी रिप्रोसेस दाण्याचं, म्हणजे प्लास्टिक कचरा वितळवून काढलेल्या दाण्याचं, गिऱ्हाईक ठरलेलं असायचं. बादल्या, टब, कुंड्या, पाइप बनवणारे कारखानदार यायचे, दाणा मुठीत घेऊन बघायचे आणि रंगावरून घासाघीस करायचे. आता शाम्पूच्या बाटल्या आणि डिटर्जंटचे डबे लागणाऱ्या कंपन्यांचे खरेदीवालेही चौकशी करू लागले आहेत. त्यांचा पहिला प्रश्न भावाचा नसतो. ते आधी नोंदणी क्रमांक विचारतात.

याचं कारण कायद्यात आहे. प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम २०१६ चे, पण खरा बदल केला तो १६ फेब्रुवारी २०२२ च्या दुरुस्तीने. तिच्यातून विस्तारित उत्पादक जबाबदारीची, म्हणजे सगळे ज्याला ईपीआर म्हणतात त्याची, सविस्तर चौकट आली. जो पॅकेजिंग बाजारात आणतो त्यानेच त्याच्या कचऱ्याची सोय लावायची आणि नव्या पॅकेजिंगमध्ये काही हिस्सा रिसायकल प्लास्टिकचा वापरायचा. पहिल्या गटासाठी, म्हणजे बाटल्या-डब्यांसारख्या कडक पॅकेजिंगसाठी, हा हिस्सा २०२५-२६ मध्ये ३० टक्के ठरवला गेला आणि दरवर्षी दहाने वाढत २०२८-२९ मध्ये ६० टक्के. पिशव्या, पाऊच, फिल्म अशा दुसऱ्या गटासाठी १० टक्के, २०२७-२८ पासून २०. प्लास्टिकला कागदाचा किंवा अॅल्युमिनियमचा थर जोडलेल्या तिसऱ्या गटासाठी ५ टक्के आणि पुढे १०. बाटलीचा दाणा मागितला जातो आणि चिप्सच्या पाकिटाकडे कोणी ढुंकून बघत नाही, हे या आकड्यांतही दिसतं.

अर्ज कोणी करायचा

एका बाजूला पॅकेजिंगचे उत्पादक, आयातदार आणि ब्रँडमालक. दुसऱ्या बाजूला कचऱ्यावर प्रक्रिया करणारे: रिसायकलर, कचऱ्यापासून वीज किंवा तेल बनवणारे, औद्योगिक कंपोस्टिंग करणारे. पोर्टलवर या दुसऱ्या सगळ्यांना मिळून प्लास्टिक वेस्ट प्रोसेसर, थोडक्यात पीडब्ल्यूपी म्हणतात. पोर्टल एकच, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं. पण पीडब्ल्यूपीचा अर्ज तपासतं राज्य मंडळ, म्हणजे आपल्याकडे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ.

ब्रँडमालकांसाठी नियम वेगळा आहे. माल एक किंवा दोन राज्यांतच विकला जात असेल तर राज्य मंडळाकडे नोंदणी, त्याहून जास्त राज्यांत असेल तर केंद्रीय मंडळाकडे. कोल्हापूरचा मसालेवाला महाराष्ट्र आणि गोव्यापुरता असेल तोवर राज्य मंडळ पुरे. निपाणी-बेळगावात माल जाऊ लागला की तिसरं राज्य झालं.

सूक्ष्म आणि लघु उद्योगांत मोडणाऱ्या ब्रँडमालकांवर ईपीआरची उद्दिष्टं नाहीत. इथे हमखास घोळ होतो. ही सवलत ब्रँडमालकाची आहे, रिसायकलरची नाही. युनिट कितीही लहान असो, लघुउद्योग असल्याचं उद्यम प्रमाणपत्र पुढे करून रिसायकलरची नोंदणीतून सुटका होत नाही. आणि ज्यांना नोंदणी बंधनकारक आहे त्यांनी नोंदणी नसलेल्यांशी या कामात व्यवहार करू नये, असंही नियम सांगतात. म्हणून तर खरेदीवाला आधी क्रमांक विचारतो.

कागदपत्रं

युनिटचं पॅन, जीएसटी प्रमाणपत्र, कंपनी असेल तर सीआयएन (कंपनीचा नोंदणी क्रमांक), जिल्हा उद्योग केंद्राची नोंदणी, अधिकृत व्यक्तीचं आधार आणि पॅन, प्रक्रियेचा आराखडा, यंत्रांची यादी व क्षमता, आणि युनिटचे जिओटॅग असलेले फोटो. ही सगळी जमवाजमव चार फोनमध्ये होते.

अडतं ते संमतीपत्रावर. जल आणि वायू प्रदूषण कायद्यांखाली राज्य मंडळाची आधी स्थापनेची संमती, मग यंत्रं बसल्यावर चालवण्याची संमती. बोलताना सीटीई आणि सीटीओ. संमती नाही तर पुढचा अर्ज नाही. महाराष्ट्रात संमतीचं शुल्क भांडवली गुंतवणुकीवर ठरतं, म्हणून सीएचं प्रमाणपत्र लागतं. गुंतवणूक कमी दाखवून शुल्क वाचवायचा मोह होतो, पण ताळेबंदाशी आकडा जुळला नाही की पुढच्या नूतनीकरणात तोच प्रश्न उभा राहतो. धुलाई असेल तर सांडपाण्याची व्यवस्था दाखवावी लागते. धारावीतल्या तेरा कंपाउंडसारख्या दाट वस्तीत पिढ्यान्‌पिढ्या प्लास्टिक निवडणाऱ्यांचं ज्ञान कोणत्याही सल्लागारापेक्षा जास्त. हातात घेऊन, वाजवून, जाळून वास घेऊन ते पीपी आणि एचडीपीई हे प्लास्टिकचे प्रकार वेगळे करतात. पण दहा बाय पंधराच्या गाळ्यात सांडपाणी प्रक्रियेची टाकी बसवायची कुठे, याचं उत्तर नियमांत नाही. नवी मागणी मोठ्या युनिटकडे वळते ती इथूनच.

संमतीपत्रावर एक ओळ असते: उत्पादनाचं नाव आणि परिमाण. ती ओळ नीट लिहून घ्या. तुमचं यंत्र दिवसाला ८ टन काढतं आणि वर्षात ३०० दिवस चालतं, म्हणजे क्षमता २,४०० टन. पण संमतीत १,२०० टन लिहिलं असेल तर तुमचं वर्ष १,२०० टनांचंच, बाकीचा दाणा कागदावर नाही. उत्पादनाच्या नावापुढे नुसतं ‘प्लास्टिक’ लिहून घेऊ नका. दाणा, फ्लेक्स (कापलेले तुकडे) की तयार वस्तू, ते स्पष्ट असू द्या. क्षमता वाढवली तर आधी संमती सुधारून घ्या, मगच पोर्टलवरचा आकडा बदला.

पोर्टलवर काय होतं

खातं उघडा, युनिटची माहिती भरा, कागद चढवा, क्षमतेप्रमाणे शुल्क ऑनलाइन भरा. मंडळाला शंका आली तर अर्ज त्रुटीसह परत येतो. अर्जात खोटी माहिती सापडली तर बाजू मांडायची संधी देऊन नोंदणी एक वर्षापर्यंत रद्द होऊ शकते आणि तेवढ्या काळात नवा अर्जही करता येत नाही.

नोंदणीनंतर मुख्य काम सुरू होतं ते नोंदींचं. कोणाकडून किती कचरा आला, किती माल कोणाला विकला, त्याची जीएसटी बिलं, हे पोर्टलवर चढतं आणि त्यावर ईपीआर प्रमाणपत्रं, म्हणजे तेवढ्या वजनाचा कचरा मार्गी लावल्याचा पुरावा, तयार होतात. ती ब्रँडमालक विकत घेतात. कचऱ्याच्या गाठींत माती, लेबलं, ओल येतेच, म्हणून खरेदीपेक्षा विक्रीचं वजन कमी असणं स्वाभाविक आहे. उलटं दिसलं तर तपासणी होणार. भंगारवाल्याकडून कच्च्या चिठ्ठीवर घेतलेला माल इथे उपयोगाचा नाही. वजनकाट्याची पावती आणि बिल यांची सवय पुरवठादारालाही लावावी लागते.

२०२३ मध्ये केंद्रीय मंडळाच्या तपासणीत महाराष्ट्र, गुजरात आणि कर्नाटकातल्या मोजक्या रिसायकलरांनी मिळून सुमारे सहा लाख खोटी प्रमाणपत्रं काढल्याचं उघड झालं. तेव्हापासून कागदांची छाननी कडक झाली, आणि प्रामाणिक युनिटलाही जास्तीचे खुलासे द्यावे लागतात. २०२४ च्या दुरुस्तीने प्रमाणपत्राच्या किमतीलाही हद्द घातली: पर्यावरणीय भरपाईच्या (उद्दिष्ट चुकलं की भरावी लागणाऱ्या रकमेच्या) ३० ते १०० टक्क्यांच्या दरम्यान.

दोन वेगळ्या गोष्टी

प्रमाणपत्र आणि दाणा यांची गल्लत अनुभवी लोकही करतात. ब्रँडमालकावर दोन बंधनं आहेत. एक, त्याच्या पॅकेजिंगइतक्या कचऱ्याची विल्हेवाट; ही प्रमाणपत्र घेऊन भागते. दोन, नव्या पॅकेजिंगमध्ये रिसायकल हिस्सा वापरणं. त्यासाठी प्रत्यक्ष दाणा लागतो. त्यामुळे तुमचा दाणा बाटली बनवणारा घेईल आणि प्रमाणपत्र भलताच ब्रँड घेईल, असं होऊ शकतं. सौदा करताना दोन्ही किमती वेगळ्या ठरवा. ‘प्रमाणपत्र दाण्यासोबत फुकट’ असं म्हणणाऱ्या खरेदीदाराला ती किंमत पुरती ठाऊक असते.

प्रमाणपत्र गटाला बांधलेलं असतं. पहिल्या गटातलं जास्तीचं दुसऱ्या गटाची तूट भरून काढायला चालत नाही. दुसऱ्या कायद्यामुळे ज्याला रिसायकल दाणा वापरताच येत नाही, त्याला केंद्रीय मंडळ प्रकरण बघून सूट देऊ शकतं. पण त्याने तेवढ्याच वजनाचं प्रमाणपत्र अशा कंपनीकडून घ्यायचं, जिने आपल्या वाट्यापेक्षा जास्त रिसायकल हिस्सा वापरला आहे.

खाद्यपदार्थांच्या पॅकेजिंगसाठी ही नोंदणी पुरेशी नाही. अन्नाला थेट लागणाऱ्या रिसायकल पेटसाठी (पीईटी, पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक) एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, जानेवारी २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. तिथे प्रक्रियेलाच मान्यता लागते आणि जुन्या वापरातले दूषित घटक त्या प्रक्रियेत निघून जातात हे चाचणीने सिद्ध करावं लागतं. साध्या धुलाई-एक्स्ट्रूडरच्या (वितळवून दाणा काढणाऱ्या यंत्राच्या) युनिटने या वाटेला जाऊ नये. डिटर्जंट, फिनेल, ऑइलचे डबे हेच त्याचं गिऱ्हाईक. आणि रिसायकल दाण्याच्या कॅरीबॅगचा विचार महाराष्ट्रात करूच नका, २०१८ च्या राज्य अधिसूचनेने प्लास्टिकच्या कॅरीबॅगवरच बंदी आहे.

तारखा

नियम १३ प्रमाणे रिसायकलरची नोंदणी आधी एका वर्षाची असते, नूतनीकरण झालं की तीन वर्षांची. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान १२० दिवस आधी करायचा. वार्षिक अहवाल नमुना ४ मध्ये ३० एप्रिलपर्यंत स्थानिक संस्थेकडे जातो आणि त्याची प्रत राज्य मंडळाला. तुमचे गिऱ्हाईक असलेले ब्रँडमालक आपलं वार्षिक विवरण ३० जूनपर्यंत भरतात, त्यामुळे मे महिन्यात प्रमाणपत्रांसाठी फोन वाढतात. सीटीओची मुदत आणि नोंदणीची मुदत वेगवेगळ्या दिवशी संपतात. दोन्ही तारखा एकाच कॅलेंडरवर लिहून ठेवा, कारण संमती संपली की नोंदणीचं नूतनीकरणही अडतं.