‘बिनमातीची बाग’: एका शब्दाची पार्श्वभूमी

‘बिनमातीची बाग’ हा शब्द येण्याआधी परसातली भाजी सांडपाण्यावर जगायची. न्हाणीचं पाणी जाई तिकडे अळू, केळ, कर्दळ. वईवर दोडका नि घोसाळी. मागच्या दाराशी गवती चहा. माती विकत आणायची कल्पनाच नव्हती. दुसऱ्या महायुद्धातल्या टंचाईत ‘अधिक धान्य पिकवा’ मोहीम आली, पण चाळीत राहणाऱ्यांच्या वाट्याला तुळशीची कुंडी आणि पत्र्याच्या डब्यातला कढीपत्ता एवढंच उरलं.

खरा प्रश्न उभा राहिला तो भाजी गच्चीवर चढली तेव्हा. एक फूट जाडीची ओली माती दर चौरस मीटरला सुमारे 500 किलो भरते. ये-जा असलेल्या निवासी गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला भार आहे साधारण 150 किलो. म्हणजे बागेतल्यासारखा मातीचा वाफा गच्चीवर करताच येत नाही. यावर मुंबई-पुण्यातल्या प्रयोगशील मंडळींनी काढलेली वाट म्हणजे पाल्याचा वाफा. विटांची चौकट, तळाला नारळाच्या शेंड्या, वर रसवंतीवरचं चिपाड, मग पायाने दाबलेला पालापाचोळा, अधूनमधून स्वयंपाकघरातला ओला कचरा आणि सर्वांत वर दोन-तीन इंच तयार खत.

याला ‘बिनमातीची बाग’ हे नाव पडलं आणि घोळ सुरू झाला. नळ्यांतून खतमिश्रित पाणी फिरवणाऱ्या हायड्रोपोनिक्सलाही लोक ‘बिनमातीची शेती’च म्हणतात. तिथे अन्न मोजून पाण्यातून द्यावं लागतं, तर पाल्याच्या वाफ्यात ते कुजण्यातून मिळतं. या दोन पद्धतींत साम्य फक्त नावाचं आहे. त्यात ‘अमृतमाती’ची भर पडली. गोमूत्र, शेण आणि काळ्या गुळाच्या अमृतजलात बायोमास, म्हणजे सुका पाला नि काडीकचरा, 24 तास भिजवायचा, मातीचे पातळ थर देत ढीग रचायचा, कुजल्यावर त्यात मिश्र बियाणं पेरायचं आणि 21, 42, 63 दिवसांनी रोपांची छाटणी करून ती त्यातच जिरवायची. तयार व्हायला जवळपास 140 दिवस लागतात. नावात माती असली तरी मोठा वाटा पाल्याचा असतो.

‘बिनमातीची’ हा शब्द शब्दशः घेणाऱ्यांचं मोठं नुकसान झालं. कच्च्या सुक्या पाल्यात रोप लावलं की पाला कुजवणारे जिवाणू नत्र आधी स्वतःसाठी उचलतात. टोमॅटोची खालची पानं पिवळी पडतात आणि माणूस पाणी कमी झालं समजून आणखी पाणी ओततो. पाऊस सुरू झाला की वाफा खचून निम्म्यावर येतो आणि वेलाची मुळं उघडी पडतात. पाल्याच्या चार-पाच पाट्यांमागे एक पाटी बागेची माती घातली तर वजन फारसं वाढत नाही, वाफा कमी बसतो, खनिजंही मिळतात. आमच्या मते ती एक पाटी नाकारण्यात काहीच शहाणपण नाही.

पुढचा रेटा बागेपेक्षा कचऱ्यामुळे आला. 2016 च्या घनकचरा नियमांनी मोठ्या सोसायट्यांना ओला कचरा जागेवरच जिरवायला सांगितलं. खत तयार होऊ लागलं, तसं ते घालायला वाफे हवे झाले. 2020 च्या टाळेबंदीत मेथी, कोथिंबीर, पालक खिडकीच्या ग्रिलमध्ये आले आणि बाजारात कुंडीत भरायच्या तयार मिश्रणाच्या पिशव्या वाढल्या. ‘बिनमातीची’ हा शब्द आता त्यांच्यासाठीही वापरला जातो, म्हणजे त्याला तिसरा अर्थ चिकटला. या मिश्रणात मुख्यतः कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा असतो. कोकोपीट पाणी उत्तम धरतं, पण त्यात अन्न जवळजवळ नसतं आणि नीट न धुतलेल्यात क्षार राहतात. वापरण्याआधी ते दोन-तीन पाण्यांनी धुवून घ्यावं आणि निदान एक तृतीयांश कुजलेलं खत मिसळावं. नुसत्या कोकोपीटमध्ये पेरलेली मेथी चौथ्या दिवशी छान वर येते आणि बियातला साठा संपला की आठ-दहा दिवसांत तिथेच थबकून पिवळी पडते.