सापळा लावला म्हणून मक्यातली अळी जात नाही

बुलढाण्याकडं अजून ऐकू येतं, "कामगंध सापळे लावले, आता अळीची काळजी नाही." मक्यावरच्या लष्करी अळीबद्दलचा हा समज चुकीचा आहे. या सापळ्यात मादीसारखा वास देणारी गोळी (ल्यूर) असते, म्हणून त्यात फक्त नर पतंग अडकतात. अंडी घालणारी मादी मोकळीच राहते. सापळा कीड आल्याची वर्दी देतो. आणि कपाशीतल्या बोंडअळीची ल्यूर मक्यात कामाची नाही, लष्करी अळीचीच मागा.

खरी तपासणी पोंग्यात, म्हणजे झाडाच्या शेंड्यातल्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत. तो उकलून पाहा: भुशासारखी ओली विष्ठा, अळीच्या डोक्यावर उलट्या इंग्रजी Y अक्षरासारखी खूण, शेपटाकडं चौकोनात 4 काळे ठिपके. पीक लहान असताना 100 पैकी 5 झाडं अशी निघाली, तर 5 टक्के निंबोळी अर्क थेट पोंग्यात फवारा. थांबू नका, मोठी अळी आत दडते, तिथं औषध पोहोचत नाही.